भाऊजींचा हिरवा दिवा

वॉकीटॉकी आपणहून क्वचित बिघडतो. माणसं त्याला बिघडवतात आणि मग माझ्या खिडकीत आणून आपटतात. ‘बाई, सेट मेला.’ मी हातात घेऊन बघते, तर आवाजाची कळ शून्यावर. दुसऱ्याचा चॅनल खिशात घासून भलत्याच आकड्यावर गेलेला, आणि हा गडी तासभर परक्या माणसांकडे विटा मागत बसलेला. तिसरा तर सेट अँटेनाला धरून लटकवत आणतो, मेलेला उंदीर शेपटीला धरून आणावा तसा. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आमच्या साइटवर रोज खरी होते, आणि ते अंगण सांभाळायचं काम माझ्याकडे आहे.

माझी खोली पत्र्याची आहे. भिंतीला फळी, फळीवर चार्जर, चार्जरमध्ये उभे सेट. समोर टेबल, त्यावर मऊ ब्रश, सुकं फडकं आणि एक खोडरबर. बॅटरीच्या पितळी टोकांवर काजळी धरली की खोडरबरानं घासायची, निम्मे मेलेले सेट तेवढ्यानं जिवंत होतात. नवीन माणूस आला की त्याला शिकवते. बटण दाब, एक श्वास थांब, मग बोल, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. सेट तोंडापासून दोन बोटं लांब धर, चावू नकोस. बोलून झालं की बटण सोड आणि ऐक. तू बटण दाबून आहेस तोवर त्या चॅनलवर दुसऱ्या कुणाचं काही चालत नाही. बोलताना तुझ्या सेटवर लाल दिवा लागतो, कुणाचं ऐकताना हिरवा. एवढं सांगून मी त्याच्या हातात सेट देते, आणि संध्याकाळी तो अँटेनाला धरून परत आणतो.

ही नोकरी मला भाऊजींनी लावली. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साइटवरच्या उंच क्रेनचे ऑपरेटर. माझं लग्न मोडून मी ताईच्या घरी येऊन पडले होते तेव्हा सगळे नातेवाईक मला शहाणपण शिकवत होते. भाऊजींनी तसलं काही केलं नाही. ‘दिवसभर बडबड करणाऱ्या बाईला बडबडीच्या यंत्राचं काम बरं,’ एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या सकाळी मला साइटवर घेऊन गेले. तो टोमणा मी अजून विसरलेले नाही, आणि उपकारही.

माणूस गमत्या. क्रेनच्या शिडीवर सकाळी चढायचा तो जेवणाच्या सुट्टीलाही उतरायचा नाही. डबा वर, पाण्याची बाटली वर. उतरायला सांगितलं तर म्हणायचे, ‘उंटावरून शेळ्या हाकायचं काम माझं. उंटावरून उतरलो तर शेळ्यांना कळेल की हाकणारा केवढासा आहे.’ उंचीनं ते खरंच ताईच्या खांद्याला लागायचे. आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘वरून माणसांची टकलं दिसतात, तोंडं दिसत नाहीत. म्हणून वर माझं कुणाशी भांडण होत नाही.’ आम्ही हसायचो.

त्यांचा सिग्नलमन म्हणजे पोपट. खरं नाव काहीतरी चांगलं आहे, पण पगाराच्या दिवसाखेरीज ते कुणाला आठवत नाही. पोपट नाव पडलं ते कामामुळे. इमारतीच्या मागच्या बाजूला भार उतरवायचा असला की वरच्या केबिनमधून तिथलं काही दिसत नाही. मग पोपट खाली उभा राहून सेटवर सांगतो. आमच्याकडे नियम असा की भार उतरत असताना सिग्नलमननं सतत बोलत राहायचं. ‘खाली, खाली, खाली, खाली.’ आवाज आहे तोवर भार उतरणार. आवाज तुटला की क्रेन जागच्या जागी थांबणार, कारण काहीही असो. त्याला ठसका लागो, बॅटरी संपो, की तो चक्कर येऊन पडो. शांतता म्हणजे थांबा. या नियमामुळे आमच्याकडे कित्येक हातपाय शाबूत आहेत.

सेटमध्ये एक सोय असते. बटण फार वेळ दाबलेलं राहिलं तर सेट आपणहून बोलणं तोडतो, म्हणजे कुणाचं बटण अडकलं तरी चॅनल मोकळा होतो. पण पोपटचं ‘खाली, खाली’ लांबलचक चालायचं आणि मध्येच कट व्हायचं. भार अर्ध्यात लोंबकळत राहायचा. भाऊजी वैतागले. साइटच्या साहेबांनी मान डोलावली. दुरुस्तीवाला आला तेव्हा मी त्या चॅनलच्या सेटवरची ती सोय काढून टाकायला लावली. तेव्हा सगळ्यांना तो शहाणपणा वाटला होता.

भाऊजींच्या तक्रारी सुरू झाल्या त्या त्यानंतर बऱ्याच काळानं. ‘सेटला दम नाही.’ मी बॅटरी बदलली. ‘आवाज फाटतो.’ मी स्पीकरच्या जाळीतली धूळ काढली. ‘आवाज बारीक आहे.’ मी त्यांना दुसरा सेट दिला, मग तिसरा. प्रत्येक सेट मी माझ्या कानाला लावून बघत होते आणि प्रत्येक सेट खणखणीत वाजत होता. मला त्यांचा राग यायचा. सगळी साइट माझ्या सेटना नावं ठेवते ते ठीक, पण घरच्या माणसानं तरी ठेवू नयेत.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी खोलीतून प्रत्येक सेटला हाक मारते. ‘आवाज कसा येतोय?’ नीट येत असेल तर समोरच्यानं म्हणायचं, ‘साफ.’ एका सकाळी माझं डोकं फिरलेलं होतं, कारण भाऊजींनी आदल्या संध्याकाळी पुन्हा एक सेट माझ्या टेबलावर आपटला होता. त्यांची पाळी आली तेव्हा मी मुद्दाम म्हणाले, ‘भाऊजी, ताई म्हणते तुम्ही झोपेत घोरता ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं.’

वरून उत्तर आलं, ‘साफ.’

मला वाटलं चिडवतायत. मी खदखदून हसले. पण संध्याकाळी ते सेट द्यायला आले तेव्हा त्या गोष्टीचा विषयच नाही. भाऊजी आणि टोमणा परत न करता सोडतील? मला ते खटकत राहिलं. दुसऱ्या सकाळी त्यांची पाळी आल्यावर मी नुसतं बटण दाबलं, काहीच बोलले नाही, आणि सोडलं.

‘साफ,’ भाऊजी म्हणाले.

मी खिडकीतून वर बघितलं. केबिनच्या काचेमागे ते बसलेले होते, मान खाली घालून, समोर ठेवलेल्या सेटकडे बघत. ते ऐकत नव्हते, हिरवा दिवा बघत होते. दिवा लागला की कुणीतरी बोललं, आणि सकाळच्या वेळी कुणी बोललं की ‘साफ’ म्हणायचं.

त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं, जे आधी दिसायला हवं होतं. घरी टीव्ही एवढ्या मोठ्यानं लागायचा की शेजारची म्हातारी भिंत ठोकायची. ताई काही बोलली की ते आधी तिच्या तोंडाकडे बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. पाठीमागून हाक मारली तर मान वळायची नाही, आणि आम्ही म्हणायचो, स्वारी तंद्रीत आहे. लग्नाला इतकी वर्षं झालेला नवरा बायकोचं ऐकत नाही यात कुणाला काय नवल वाटणार? घरातल्या त्या जुन्या विनोदाआड त्यांचं बहिरेपण आरामात लपून बसलं होतं.

मी ताईला गाठलं. ती कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, ‘ताई, भाऊजींना ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे?’

ती चिमटा तोंडात धरून उभी राहिली. मग चिमटा काढून म्हणाली, ‘हळू बोल.’

‘हळू कशाला? त्यांना थोडंच ऐकू येणार आहे?’

‘तोंड आवर. ऐकू येत नाही असं नाही, कमी येतं. ते सांभाळून घेतात.’

‘अगं, क्रेनवर सांभाळून घेतात? खाली माणसं असतात.’

‘पोपट आहे ना खाली. त्या दोघांचं जमलेलं आहे.’ तिनं सदरा झटकला, जरा जास्तच जोरात. ‘एवढी इमारत होऊ दे. मग मीच सांगेन त्यांना, बास करा म्हणून. आत्ता खाली उतरवलंस तर तो माणूस घरात बसून मरेल. तुला ठाऊक आहे ते वर कसे असतात. खाली त्यांना कोण विचारतं?’

‘मग तू बोल त्यांच्याशी.’

‘मी बोलू? आणि त्यांनी मान खाली घातली तर मी बघू?’ तिचे डोळे भरून आले. ‘तुला त्यांनी आसरा दिला. तू एवढं करू शकत नाहीस? गप्प बसायचंय नुसतं.’

झालं. उपकाराची आठवण काढली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी पोपटकडे गेले. त्यालाही माहीत होतं. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बाई, दादा माझ्यापेक्षा तुमचे जवळचे. तुम्ही गप्प, तर मी कोण बोलणार?’ त्याचं गप्प राहणं मला सोयीचं होतं, माझं त्याला. अळीमिळी गुपचिळी. आणि गंमत बघा, ज्या माणसाबद्दल हे सगळं चाललं होतं, त्याच्याशी यातलं कुणीही एक शब्द बोललं नाही. मीसुद्धा नाही. मी फक्त त्यांना नवीन सेट देत राहिले, आणि ते म्हणत राहिले, सेटला दम नाही.

तो दिवस चांगल्या उन्हाचा होता. इमारतीच्या मागच्या गच्चीवर सळयांचा भारा उतरवायचा होता. माझ्या टेबलावर एक सेट कायम त्या चॅनलवर चालू असतो. पोपटचं ‘खाली, खाली’ सुरू होतं, आणि मी एका सेटचं बटण उघडून त्यातलं सिमेंट ब्रशनं काढत होते. बटणावर रबराचं पातळ आवरण असतं. ते फाटलं की आत सिमेंट जातं, ओल लागून घट्ट होतं, आणि बटण दाबलं की वर यायला कुरकुरतं. पोपटच्या बटणाचं रबर फाटलेलं आहे हे त्यानं दोन वेळा सांगितलं होतं. नवीन रबर यायचं होतं.

‘खाली, खाली, खाली.’ मग ते थांबलं.

मी काम करत राहिले. शांतता म्हणजे थांबा. पण माझ्या सेटवरचा हिरवा दिवा विझला नव्हता. आवाज थांबला आणि दिवा तसाच. सेटमधून वारा येत होता, कुणाच्यातरी चपलांचा आवाज येत होता. पोपटचं बटण अडकलं होतं. त्यानं बोट काढलं होतं, पण सेट बोलतच होता. आणि मग पोपटचा आवाज आला, सेटपासून लांबून, पण साफ.

‘थांबा! दादा, थांबा! सुतार खाली आहे, थांबा!’

मी खिडकीशी आले. क्रेनचा दोर खाली सरकत होता. केबिनमध्ये भाऊजी मान खाली घालून बसलेले होते. त्यांच्यासमोर हिरवा दिवा लागलेला होता, आणि दिवा लागलेला आहे तोवर भार उतरवायचा.

मी माझ्या सेटचं बटण दाबलं. ते निव्वळ सवयीनं. पोपटचं बटण अडकलेलं असताना माझं बोलणं कुठे पोचणार नव्हतं, आणि पोचलं असतं तरी कुणाच्या कानावर पडणार होतं? सेट टाकला आणि धावले. क्रेनच्या पायाशी लोखंडी पेटी आहे, तिच्यात मेन स्विच. दांडा जड असतो. मी दोन्ही हातांनी लटकले तेव्हा तो खाली आला. वीज गेली की क्रेनचे ब्रेक आपोआप लागतात. दोर थांबला.

पण तोवर भारा टेकला होता. सुतार भाऱ्याखाली लाकडी ठोकळा सरकवायला वाकला होता, आणि ठोकळा आणि सळया यांच्यामध्ये त्याचा उजवा हात होता.

तो ओरडत नव्हता. मी गच्चीच्या जिन्यात पोचले तेव्हा चार जण पहारीनं भारा उचलायला बघत होते आणि भारा हलत नव्हता. पोपट वरून मला ओरडून म्हणाला, ‘बाई, लाइट चालू करा! क्रेननंच उचलावा लागेल!’

मला कळेना काय करावं. ज्या माणसाला ‘थांबा’ ऐकू आलं नाही, त्याच्या हातात मी पुन्हा तोच भारा द्यायचा? ‘वर’ सांगितलं आणि त्यानं खाली घेतलं तर? पण दुसरा रस्ता नव्हता. पोपटनं सेटची बॅटरी हिसकून काढली, खिळ्यानं बटण उचकटलं, बॅटरी पुन्हा बसवली. मी माघारी पळत जाऊन दांडा वर ढकलला आणि डोळे मिटले. खोलीच्या खिडकीतून माझ्या सेटचा आवाज मला तिथे ऐकू येत होता. मी पोपटच्या ‘वर, वर’ची वाट बघत होते. एक शब्द आला नाही. नुसता एकदा टक् असा आवाज आला, मग सलग मोकळी खरखर. आणि भारा अलगद, पोरानं झोपलेल्या आजीची पोथी उचलावी इतका अलगद, वर गेला.

एकदा दाबलं की वर, दोनदा दाबलं की खाली, मग दिवा लागलेला आहे तोवर चालू. ‘खाली, खाली’ हे पोपट आम्हा बाकीच्यांसाठी म्हणत होता. त्या दोघांचं जमलेलं होतं असं ताई म्हणाली, ते असं जमलेलं होतं. इतकं सुरेख जमलेलं होतं की एका फाटक्या रबरापुरती जागा त्यात सुटली.

सुताराची दोन बोटं गेली. उजव्या हाताची.

दुपारी सेफ्टी साहेबांनी आम्हाला कचेरीत बोलावलं. साहेब भला माणूस आहे. आरडाओरडा केला नाही. टेबलावर पोपटचा सेट ठेवला होता आणि त्याचं बटण ते स्वतःच दाबून बघत होते. पोपट म्हणाला, ‘साहेब, बटण अडकलं.’

‘दिसतंय,’ साहेब म्हणाले. ‘पण बटण अडकलं म्हणून तुझं बोलणं बंद झालं नाही. तू थांबा म्हणालास ते मला इथं बसून ऐकू आलं. क्रेनवर का नाही आलं?’

पोपटनं खाली बघितलं. भाऊजी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. म्हणाले, ‘माझा सेट खराब असणार. कधीपासून सांगतोय, सेटला दम नाही.’

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. ही गोष्ट मला आजही कुणाला पटवून देता येत नाही, पण मी त्यांचा चेहरा बघितला होता. आपल्याला ऐकू येत नाही, हे ते स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

साहेब माझ्याकडे वळले. ‘बाई, सेट तुमच्याकडे. खरंच खराब होता?’

हो म्हणायला काय लागत होतं? हो म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती, पोपटवर थोडं शेकलं असतं, आणि भाऊजी दुसऱ्या दिवशी नवा सेट घेऊन वर चढले असते. ताईची इमारत पूर्ण झाली असती. माझ्या डोळ्यांसमोर ताई होती, तोंडात चिमटा धरलेली. आणि तो सुतार होता, जो ओरडला नव्हता. मला संताप आला, कुणाचा ते मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांचाच असेल. त्या माणसाचा पण, जो माझ्या खणखणीत सेटना माझ्याच तोंडावर नावं ठेवत होता.

मी भाऊजींचा सेट उचलला आणि त्यांच्या हातात दिला. टेबलावरचा दुसरा सेट मी घेतला, त्याच चॅनलवर लावला, खिडकीपाशी गेले आणि सगळ्यांकडे पाठ केली. बटण दाबलं. एक श्वास थांबले. मग बोलले. साहेबांना ऐकू गेलं, पोपटला ऐकू गेलं, दारात उभ्या असलेल्या शिपायालाही ऐकू गेलं.

मी बटण सोडलं.

‘साफ,’ भाऊजी म्हणाले.

मी वळले तेव्हा ते साहेबांकडे बघत होते, परीक्षेत बरोबर उत्तर दिल्यासारखे, जरा आशेनं. मग त्यांनी पोपटकडे बघितलं. पोपट रडत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सेट हळूच टेबलावर ठेवला.

क्रेनवर आता एक तरणा ऑपरेटर आहे. चांगला आहे. पोपट त्याला ‘खाली, खाली’ म्हणतो आणि अधूनमधून सवयीनं आधी दोनदा बटण दाबतो. नवा विचारतो, ‘हे टक् टक् काय असतं?’ पोपट म्हणतो, ‘सेट जुना आहे.’ बटण फार वेळ दाबून राहिलं तर बोलणं तोडायची ती सोय मी सगळ्या सेटवर परत घालून घेतली. भार अर्ध्यात लोंबकळतो, सगळे शिव्या देतात, मी ऐकून घेते. सुतार डाव्या हातानं रंधा धरायला शिकतोय. भाऊजी त्याच्याकडे जाऊन बसतात. दोघं काय बोलतात कोण जाणे. सुताराची बायको सांगते, काहीच नाही, ते फळी धरतात आणि तो रंधा मारतो.

ताई माझ्याशी बोलत नाही. मी वेगळी खोली घेतली आहे, तरी सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जाते. ती दार उघडते, पाणी ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते. गेल्या खेपेला गेले तेव्हा भाऊजी गॅलरीत बसले होते. तिथून दूरची एक क्रेन दिसते, आमची नव्हे. कानात यंत्र होतं. त्यावरून ते कुरकुर करतात, भाजीच्या बाजारासारखा आवाज येतो म्हणतात. मी त्यांच्या शेजारी बसले.

त्यांची नजर त्या क्रेनवरच होती. मग म्हणाले, ‘अगं, एक विचारायचं होतं. त्या दिवशी साहेबांच्या खोलीत तू सेटवर काय म्हणालीस?’

मीही त्या क्रेनकडे बघायला लागले.

‘पोपटला विचारलं, तो विषय बदलतो. साहेबांना विचारलं, ते म्हणाले जाऊ द्या. तुझी ताई म्हणते तिला माहीत नाही, आणि तिला माहीत आहे. मी कशाला ‘साफ’ म्हणालो, ते सगळ्या साइटला ठाऊक आहे. मलाच कुणी सांगत नाही.’

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, माझं तोंड त्यांना दिसेल अशी. मोठ्यानं म्हणाले, ‘मी म्हणाले, भाऊजी, आता खाली या. बास झालं.’

आत भांड्यांचा आवाज थांबला.

भाऊजींनी मान हलवली. ते शब्द त्यांनी ओठातल्या ओठात पुन्हा म्हणून बघितले. ‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘मग ते पाठ फिरवून का म्हणालीस?’ ते माझ्याकडे बघत होते, रागानं नव्हे. ‘असं समोर बसून म्हणाली असतीस, तर आलो असतो की मी खाली.’

मला वाटत नाही ते आले असते. ते हसले असते, सेटला दम नाही म्हणाले असते, आणि सकाळी डबा घेऊन शिडी चढले असते. त्या माणसाला मी ओळखते. घरी परत येताना मी स्वतःला हेच सांगत होते, आणि आजही सांगते. पण तसं घडलं असतंच, हे मी पाहिलेलं नाही. कारण सुताराला दहा बोटं होती तोवर मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.